आपल्या मालवणचे प्रोफेसर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात रविवार, दि. २४ ऑगस्ट २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



गणपती तीन दिवसांवर आलेत. माटवीचं सामान आणायचं आहे, मुंबईकर मंडळी उतरायला लागलीत, स्वयंपाकघरात करंज्यांची तयारी सुरू आहे. अशा वेळी तुम्ही भाषण ऐकायला खाली आलात, म्हणजे एक तर तुम्हांला माझ्याबद्दल माया आहे, नाही तर घरात काम लावतील म्हणून पळून आलात. दोन्ही कारणं मला चालतील.

सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘प्रोफेसर’. ते म्हणाले, ‘‘काका, तुम्ही बँकेतले. डिपॉझिट, नॉमिनेशन असं काही सांगा, लोकांना उपयोग होईल.’’ नॉमिनेशनचं पुढच्या खेपेला सांगीन. ज्यांनी अजून नॉमिनी लावलेला नाही त्यांच्याकडे मी आत्ता बघत नाही, एवढंच.

मी साधा बी. कॉम. कॉलेजात कधी शिकवलं नाही, संशोधनाशी कधी संबंध आला नाही. तरी हा विषय घेतला त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण आजची तारीख. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, २४ ऑगस्ट १९२५ रोजी, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले. पुण्याची भांडारकर संस्था सगळ्यांना माहीत असते. पण ज्यांचं नाव तिला दिलं ते आपल्या या मालवणात जन्मले, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. दुसरं कारण म्हणजे गेल्या वर्षी गणपतीत माझ्या हातून झालेली एक चूक. ती शेवटी सांगतो.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ चा. वडील सरकारी महसूल खात्यात कारकून. त्या काळी आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती. पुढे वडिलांची बदली रत्नागिरीला झाली, म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. ती बदली झाली नसती तर काय, याचा विचार मी पुष्कळदा करतो. बँकेत बदलीची ऑर्डर आली की आम्ही कपाळाला हात लावायचो. एका कारकुनाच्या बदलीने देशाला एक पंडित दिला!

रत्नागिरीहून ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. तिथे त्यांना शिकवणाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८६२ मध्ये बी. ए. झालेल्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात महादेव गोविंद रानडे होते आणि आपले भांडारकर होते. म्हणजे या विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत एक मालवणचा होता.

ज्या संस्कृतमुळे त्यांचं नाव झालं, त्या संस्कृतचा सखोल अभ्यास त्यांनी पुण्याला शास्त्रीबुवांकडे बसून केला. कॉलेजात इंग्रजी पद्धतीने शिकलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन जमिनीवर बसला. जुनी पाठांतराची विद्या आणि नवी प्रश्न विचारण्याची विद्या, दोन्ही त्यांच्याकडे आल्या त्या अशा. मग सिंधमधल्या हैदराबादेत आणि रत्नागिरीत हायस्कूलचे हेडमास्तर झाले. मुलांना संस्कृत शिकवायला नव्या धर्तीचं पुस्तक नाही म्हणून स्वतःच पहिलं आणि दुसरं पुस्तक लिहिलं. नियम थोडा, उदाहरणं भरपूर, लगेच भाषांतराचा सराव. दीडशे वर्षं होऊन गेली, ती पुस्तकं अजून छापली जातात. आपल्यातल्या काही आजोबांनी ती हाताळली असतील.

यापुढची गोष्ट नोकरदार माणसाला चटकन समजेल. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतच्या प्रोफेसरची जागा त्यांनी काही वर्षं हंगामी म्हणून सांभाळली. कायम नेमणूक व्हायची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि भांडारकर त्यांच्या हाताखाली राहिले. आपल्यापैकी कुणाचं प्रमोशन असं गेलं असतं तर त्याने उरलेली नोकरी कँटीनमध्ये काढली असती. भांडारकर लिहीत राहिले, शिकवत राहिले. पुढे डेक्कन कॉलेजात किलहॉर्न या जर्मन पंडितांच्या जागी प्रोफेसर झाले आणि १८९३ मध्ये निवृत्त झाले. मधल्या काळात १८८५ साली जर्मनीच्या गटिंगन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत बसले, त्याच्याच खुर्चीवर.

ते जे शिकवत ते घरातही पाळत. शास्त्रांत काय आहे आणि नंतर काय घुसलं, हे पुराव्याने सांगायचा त्यांचा शिरस्ता. विधवाविवाहाच्या बाजूने ते बोलत आणि १८९१ साली स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी लावून दिला. त्या काळच्या पुण्यात हे किती जड गेलं असेल, ते सांगायला नको.

पण मला प्रोफेसर म्हणून ते सगळ्यात मोठे वाटतात ते दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट आपल्या शेजारच्या गोव्यातली. साखवाळ गावात धर्मानंद कोसंबी नावाचा एक तरुण होता, १८७६ चा जन्म. धड शाळा नाही, घरच्या नारळांच्या बागायतीचं काम. ‘बालबोध’ मासिकात त्याने बुद्धाविषयी वाचलं आणि बौद्ध धर्म मुळातून शिकायचा असं मनाने घेतलं. १८९९ साली घर सोडून निघाला तो पुण्याला पोचला आणि भांडारकरांना भेटला. खिशात पैसा नाही, हातात सर्टिफिकेट नाही. समोर कुलगुरू होऊन गेलेला साठी ओलांडलेला माणूस. भांडारकरांनी त्याच्या राहण्याची सोय लावून दिली. पुढे हा तरुण काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा भटकत पाली भाषा शिकला. परत आल्यावर त्याने मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यास सुरू व्हावा म्हणून खटपट केली. तिला बळ दिलं ते पुन्हा भांडारकरांनी. बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात राहून काम करायचं.

कोसंबी मधल्या काळात अमेरिकेत हार्वर्डलाही जाऊन आले आणि १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे मोठे विद्वान तयार झाले. आता हिशेब बघा. मालवणच्या एका प्रोफेसरने साखवाळच्या एका मुलासाठी दार उघडलं, त्या मुलाने दुसऱ्यांसाठी उघडलं. आम्ही बँकेत चक्रवाढ व्याज शिकवायचो. याहून चांगलं उदाहरण माझ्या नोकरीत मला सापडलं नाही.

दुसरी गोष्ट महाभारताची. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात त्यांच्या नावाची संस्था सुरू केली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं ठरलं. म्हणजे काय, तर महाभारताच्या पोथ्या देशभर आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी एक सांगते, बंगालची दुसरं, केरळची तिसरं. त्या सगळ्या समोर ठेवून, अक्षर अक्षर ताडून, सगळ्यात जुना पाठ कोणता ते ठरवायचं. त्यासाठी साडेबाराशेच्या आसपास हस्तलिखितं धुंडाळली. १ एप्रिल १९१९ रोजी मंगलाचरणाचा श्लोक लिहून या कामाचा मुहूर्त केला तो भांडारकरांनी. वय वर्षं एक्याऐंशी!

त्यांना ठाऊक असणारच की हे काम आपल्या डोळ्यांदेखत संपणार नाही. १९२५ साली ते गेले आणि त्याच वर्षी विष्णू सीताराम सुखटणकरांनी मुख्य संपादकाची जबाबदारी घेतली. १९४३ मध्ये तेही गेले. मग बेलवलकर आले, त्यांच्यानंतर वैद्य. काम पुरं झालं १९६६ साली. सत्तेचाळीस वर्षं. एका माणसाने सुरू केलं आणि तिसऱ्या पिढीने संपवलं.

गेल्या डिसेंबरात डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम संस्थेत गेलो. तिथल्या एका भल्या गृहस्थांनी आदिपर्वाचा खंड काढून दाखवला. पान उघडलं तर वर श्लोकाच्या थोड्या ओळी आणि खाली पान भरून बारीक टाइपात टिपा. कुठल्या पोथीत काय वेगळं आहे त्याच्या. मला संस्कृत फारसं कळत नाही, पण वरच्या श्लोकांत काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसली. मी विचारलं, ही काय भानगड? ते म्हणाले, ‘‘जिथे संपादकांची पूर्ण खात्री नाही, तिथे ही रेघ.’’

मंडळी, मी त्या रेघेकडे बघतच राहिलो. इतकी विद्वान माणसं, इतकी वर्षं खर्ची घातलेली, आणि छापील पानावर जगाला सांगतात की इथे आमची खात्री नाही. मला माझी नोकरीची पहिली वर्षं आठवली.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. लेजर हाताने लिहायची आणि ठरावीक मुदतीने सगळी खाती जुळवायची. एका खेपेस ३६ रुपयांचा फरक आला. रात्रीचे नऊ वाजलेले, बाहेर पाऊस, शेवटची एसटी गेलेली. आम्ही दोघं-तिघं नवीन पोरं. मी म्हटलं, वर्गणी काढून ३६ रुपये भरूया आणि घरी जाऊया. आमचे अकाउंटंट साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘फरक भरलास म्हणजे चूक सापडली असं नाही. ३६ ला नऊने भाग जातो ना? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. शोध.’’ अकरा वाजता सापडलं. १,२१५ च्या जागी १,२५१ लिहिलं होतं, आणि अक्षर माझंच होतं. साहेब रागावले नाहीत. माझ्याच हाताने दुरुस्ती करायला लावली, खाली सही घेतली आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. पुढे पस्तीस वर्षांत मी कधी फरक खिशातून भरला नाही. ते साहेब कधी कॉलेजात शिकवायला गेले नाहीत, पण माझे प्रोफेसर तेच.

आता माझी चूक. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिची परवानगी घेऊन सांगतो. ती माझी पुतणी. इथेच, बी विंगमध्ये वाढली. तुमच्यातल्या पुष्कळांनी तिला सायकल शिकताना पडताना बघितलं आहे. ती पुण्याला पीएच.डी. करते. विषय आपल्या खाडीतली कालवं. आपण ज्यांचं सुकं करून खातो त्यांच्यावर ही पोर पाच वर्षं अभ्यास करतेय, हा आमच्या घरातला कायमचा विनोद.

गेल्या वर्षी गणपतीत घर भरलेलं होतं. जो येईल तो तिला विचारी, ‘‘काय गो, झालां काय तुझां?’’ ती हसून ‘‘होतला’’ म्हणे. जेवणं आटोपल्यावर मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘‘तुझ्या वयात मी ऑफिसर होऊन दोन वर्षं झाली होती.’’ ती काही बोलली नाही. पानं उचलली आणि आत गेली. थोड्या वेळाने मी मागच्या पडवीत गेलो तर ती पायरीवर बसून रडत होती.

मग तिने सांगितलं. सलग दोन वर्षं सुकतीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून तिने मोजमाप केलं होतं. दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. एका वर्षाचे सोडून दिले असते तर प्रबंध तेव्हाच पुरा झाला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. तिने ते गाइडसमोर ठेवलं. त्या बाई म्हणाल्या, ‘‘जुळत नाही ते लपवू नकोस. तेच आधी लिही. मग आणखी एक वर्ष मोज.’’ खाडीला वर्षातून पावसाळा एकच. तो हुकला की बारा महिने थांबायचं. ‘‘काका, माका आणखी एक पावसाळो व्हयो होतो,’’ ती म्हणाली, ‘‘आणि हय सगळे विचारतत, झाला काय.’’

मला माझे ३६ रुपये आठवले. अकाउंटंट साहेबांनी जे मला शिकवलं, तेच त्या बाई तिला शिकवत होत्या. आणि मी, जन्मभर ताळेबंद जुळवलेला माणूस, तिला सांगत होतो की फरक खिशातून भर आणि घरी ये. पुण्यात ती नागमोडी रेघ बघितली तेव्हा आधी तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

म्हणून घरच्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पीएच.डी. म्हणजे परीक्षा देऊन निकाल लावण्यासारखं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तिला कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि सहा वर्षांपर्यंत मुदत असते. पुन्हा नोंदणी करून ती दोन वर्षांनी वाढवता येते. मुलींना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, कारण लग्न, बाळंतपण, आजारपण हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. एका प्रोफेसरने एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थी घ्यायचे असाही नियम आहे, कारण प्रत्येकाचं काम वाचायला वेळ लागतो. तेव्हा पाचवं वर्ष चालू आहे म्हणजे पोरगी रेंगाळली, असा अर्थ काढू नका.

दुसरं, गाइड निवडताना मुलांना एकच सांगा. मोठं नाव बघा, पण त्यांचे जुने विद्यार्थी त्यांच्याविषयी काय बोलतात ते आधी विचारा. कर्ज देताना आम्ही जामीनदार बघायचो. इथे विद्यार्थी हाच प्रोफेसरचा जामीनदार. सगळेच गाइड माझ्या पुतणीच्या बाईंसारखे नसतात. सहा-सहा महिने कागद न वाचणारेही असतात, आणि विद्यार्थ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणारेही असतात. मुलं घरी हे सांगत नाहीत, कारण घरी आपण ‘‘झालां काय’’ एवढंच विचारतो.

तेव्हा माझी पहिली विनंती. परवापासून घरात पाहुणे येतील, पोरं येतील. त्यांना ‘कधी संपणार’ विचारू नका. ‘काय सापडलं’ ते विचारा. कळलं नाही तरी ऐका. मी आता कालवांबद्दल इतकं ऐकलंय की बाजारात मलाच लोक विचारतात.

दुसरी विनंती कमिटीला. रौप्यमहोत्सवी निधीतून काय करायचं ते येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठरायचं आहे. गेटला कमान आणि आवारात नवे पेव्हर ब्लॉक, असा ठराव आहे. त्याला पहिली सही माझीच आहे, हेही सांगून टाकतो. ती सही मागे घ्यायला मला लाज वाटत नाही. ऑफिसच्या शेजारची तळमजल्यावरची खोली दहा वर्षं मोडक्या खुर्च्यांनी भरली आहे. ती रिकामी करू, चार टेबलं, दिवे आणि इंटरनेट लावू आणि मुलांना अभ्यासाला देऊ. आपल्या मुलांना, आणि वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका यांच्या मुलांनाही. साखवाळच्या त्या मुलाला भांडारकरांनी आधी राहायला जागा दिली, विद्या पुढे आली. जागा तर आपल्याकडे आहेच. कमान पुढच्या वर्षीही बांधता येईल.

सभेत कुणाचं मत वेगळं पडलं तर मी ऐकून घेईन. माझीही पूर्ण खात्री नाही; माझ्या या सूचनेखाली नागमोडी रेघ मारून ठेवा. पण विषय अजेंड्यावर घ्या.

पुतणी मंगळवारी येतेय. तिसऱ्या पावसाळ्याची मोजणी संपत आली आहे. आकडे कुणीकडे झुकले ते मी विचारणार आहे. तुम्हीही आमच्याकडे दर्शनाला या, आणि तिला विचारा.

सगळ्यांना गणेशचतुर्थीच्या शुभेच्छा.